छाननीच्या दिवशी नाकारलेली सही

ती सही आजही डोळ्यांपुढून हलत नाही. नावं कुणाची सांगत नाही. माणसं हयात आहेत.

मी बुलढाण्याकडचा. शाळा सातवीतच सुटली. शिपाई म्हणून भरती झालो आणि नोकरीने कोल्हापुरात आणून टाकलं. इथल्या एका हवालदाराने मला शेजारी बसवून पंचनामा लिहायला शिकवलं. त्याच्या उपकारावर सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. तरी कागद पुढे आला की अजून बिचकतोच. हेसुद्धा तीनदा वाचून बघितलंय.

महापालिकेची निवडणूक होती. एका फौंड्रीतल्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातल्या, कामगारांनी ठरवलं, दर वेळी दुसऱ्यांच्या सभेला गर्दी करायची ती बास, यंदा आपलाच माणूस उभा करायचा. युनियनच्या सेक्रेटरीने अर्ज भरला. सूचक म्हणून कामगारांनीच सह्या केल्या. छाननीच्या दिवशी त्यातला एक वयस्कर मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा कामगार, उठून म्हणाला, "ही सही माझी न्हाय." अर्ज बाद झाला. विरोधी उमेदवाराने लगेच ठाण्यात तक्रार दिली : सेक्रेटरीने खोटी सही केली, गुन्हा दाखल करा. चौकशी माझ्याकडे आली. गुन्हा नोंदला गेला असता तर सेक्रेटरीची नोकरी आणि युनियन, दोन्ही गेलं असतं.

सेक्रेटरीच्या हातचं लिखाण मागवून सहीशेजारी ठेवलं. अक्षर जुळत होतं. 'र'ची शेपटी तीच, 'ळ'ची गाठ तीच. दोन दिवस मी भिंग घेऊन तेच बघत बसलो आणि त्याला ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं. "सायब, मी केली न्हाय," एवढंच तो म्हणायचा. मला वाटलं, मुरलेला दिसतोय.

तिसऱ्या दिवशी त्या फौंड्रीत काम करणारी एक मावशी डबा घेऊनच आली. दारातूनच बोलली, "त्या मोल्डरला सही कुणी शिकिवली, ते इचारलंसा का? जेवणाच्या सुट्टीत सेक्रेटरीच त्याचं बोट धरून वाळूत गिरवून घेत हुता. आमी हसायचो, म्हटलं म्हातारं आता कलेक्टर हुतंय!"

मी गारच पडलो. माझं अक्षरही मला लिहायला शिकवणाऱ्या त्या हवालदारासारखंच आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मोल्डरला बोलावलं. पाणी दिलं. सहीचं नावच काढलं नाही.

"घरी कोण कोण असतं?"

"लेक, जावई."

"जावई काय करतो?"

"आमच्यातच हाय. कंत्राटावर." मान खाली गेली. "मालकाला सांगून त्याला कायम करतो म्हणाली त्या दुसऱ्या उमेदवाराची माणसं. नुसतं न्हाय म्हणायचं हुतं, सायब. मास्तरावर केस हुईल, असं कुणी बोललं न्हाय." सेक्रेटरीला तो मास्तर म्हणायचा.

"म्हणजे सही तुमचीच?"

"माझीच की. दुसरी येतीय कुठं मला?"

जबाब लिहून वाचून दाखवला. त्याने सही केली, एकेक अक्षर ओठात पुटपुटत.

सेक्रेटरीवरचा आळ गेला. पण तोवर चिन्हं वाटून झाली होती. बाद झालेला अर्ज बादच राहिला. मी सेक्रेटरीला म्हणालो, "मोल्डरविरुद्ध तक्रार द्यायची तर द्या."

"नगं. त्याच्या लेकीच्या संसाराचा सवाल हाय."

तो बाहेर आला तसा बाकावरचा मोल्डर टोपी हातात घेऊन उठला. "मास्तर, ऐक की..." सेक्रेटरी न थांबता पुढे गेला. नंतर त्याने शिफ्टच बदलून घेतली, असं मावशीकडून कळलं.

पुढे प्रत्येक चौकशीत मी आधी माणसाला त्याच्या घरचं विचारलं, कागद मग उघडला. या प्रकरणात तसं पहिल्याच दिवशी केलं असतं तर काय झालं असतं, ठाऊक नाही.

मतदानाला माझा बंदोबस्त त्याच वॉर्डात होता. ते कामगार उन्हात रांगेत उभे होते आणि आत यंत्रावर त्यांच्या माणसाचं नाव नव्हतं. सेक्रेटरीही रांगेत होता. मला बघून म्हणाला, "सायब, सावलीला उभं ऱ्हावा की." त्या दोन दिवसांची माफी अगदी ओठांवर आली होती. पण अंगावर वर्दी, भोवती माणसं; मागितली नाही. वर्दी उतरूनही आता वर्षं झाली. अजून मागितलेली नाही.