शेवटचं पाणी

तोमिए सून होऊन ओनोदांच्या घरी आली, त्याच रात्री सासूने तिला घरचा नियम सांगितला. अंघोळीला आधी सासरे, मग नवरा, मग दीर, मग सासू आणि सगळ्यात शेवटी सून. लाकडी हौद एकच आणि पाणीही एकच. अंग बाहेर धुऊनच आत बसायचं असतं हे खरं, तरी चौघं डुंबून गेल्यावर पाण्याची काय कळा होते ते शेवटच्यालाच ठाऊक. इतरांची पाळी असली की तोमिए मागच्या अंगणात बसून हौदाखालच्या चुलीत लाकडं घालायची. तिच्या पाळीला कोण बसणार? कोमट पाण्यात जरा टेकायचं, मग हौद रिकामा करून घासायचा.

तिने कधी तक्रार केली नाही. सासूनंतर आपली सून येईल आणि आपण एक पायरी वर सरकू, एवढ्या आशेवर तिने अर्धं आयुष्य काढलं.

सासरे गेले, दीर वेगळा राहायला गेला, मग सासूही गेली. मुलाने, हिदेआकीने, शहरातली नर्स बायको म्हणून आणली, कानाको. आठवडा झाला नसेल, ती इस्पितळातून थकून आली, हौदाचं झाकण काढलं आणि सगळ्यांच्या आधी आत शिरली.

तोमिएचा नवरा शिगेओ खांद्यावर पंचा टाकून दाराशी थबकला.

"आत कोण आहे?"

"कानाको."

"माझ्या आधी? अगं, तिला काही शिकवलंस की नाही? आत्ता जाऊन सांग. नाहीतर मी आज अंघोळच करत नाही."

राग तर तोमिएलाही आला होता, नवऱ्याहून काकणभर जास्तच. जन्मभर आपण रांगेत उभं राहावं आणि कालच्या पोरीने पुढे घुसावं? ती बर्फ तुडवत मागे चुलीपाशी गेली. सासूचे शब्द अगदी जिभेवर होते.

"कानाको."

"आई? तुम्ही थंडीत कशाला आलात? आत जा बघू. मी निघतेच आता. मग तुम्ही बसा, मी लाकडं घालते. कडक लागतं ना तुम्हाला?"

कडक लागतं की कोमट, हे तोमिएला या घरात कुणी विचारलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. धुरामुळे नव्हे.

ती घरात आली. शिगेओ पेपरआड तोंड फुगवून बसला होता.

"सांगितलंस?"

"तुम्ही करणार नाही म्हणालात ना? मग मी जाते."

त्या रात्री ती गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसली. बाहेरून कानाको मधूनमधून विचारत होती, "आई, अजून घालू?" आणि तोमिए दर वेळी "घाल" म्हणत होती.

तिच्यामागून हिदेआकी जाऊन आला. शेवटी थंडीने कुडकुडून शिगेओ मुकाट्याने उठला. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"अगं, पाणी पार कोमट झालंय."

"शेवटी तसंच असतं," तोमिए म्हणाली. "निघताना हौद घासून या. ब्रश दाराआड आहे."