समाधानी ग्राहक

धुळ्याच्या त्या सभेत मी भर सभागृहात तोंडघशी पडलो, त्याचा राग अजून उतरत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांवर सरकारचा अंकुश असावा की नसावा, असा विषय होता. एक पुढारी म्हणाला, असावा. दुसरा म्हणाला, कशाला? सेवा पटली नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. कुठे जाईल, कपाळ? साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात आमचं गाव. तिथे वायर येते ती एकाच कंपनीची. मोबाईलवर बोलणं तेवढं होतं, बाकी काही उघडत नाही.

तेच सांगायला मी उठलो होतो. मुलीला नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. मुदत उद्यावर आलेली आणि चार दिवस लाईन बंद. तक्रार केल्यावर दुरुस्तीवाला आला, पन्नाशीचा, घामाघूम झालेला. दारी आलेल्याला आमच्याकडे उपाशी पाठवत नाहीत. बायकोने त्याला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा वाढला. जेवून त्याने खांबाकडे नुसतं बघितलं.

"मास्तर, वायर घाटमा तुटेल शे. सकाय येसू नि जोडी दिसू. पण तुमना फोनवर आकडा येल व्हई, तो सांगी द्या. नही ते साहेब माले काढी टाकी."

तो आकडा म्हणजे काम झाल्याची गिऱ्हाइकाने दिलेली कबुली. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण आपल्या घरी जेवलेल्या माणसाची नोकरी कशी घालवायची? मी आकडा दिला. मुलगी "बाबा, नका" म्हणाली, तर मी तिलाच गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी तो फिरकला नाही. आत्ता येईल, मग येईल, करत मी तिला चारपर्यंत बसवून ठेवलं. मग तिला मागे बसवून मोटारसायकल काढली. साक्रीच्या सेवा केंद्रात पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. अर्ज पाचला बंद झाला होता.

सभेत हे सांगत होतो तेवढ्यात सभेला आलेल्या कंपनीच्या साहेबाने तक्रारीचा क्रमांक मागितला आणि फोनमध्ये बघून मोठ्याने वाचलं, "त्याच दिवशी निवारण. ग्राहक समाधानी. कबुली तुमच्याच फोनवरून." लोक हसले. अंकुश हवा म्हणणारा पुढारीही हसला. उद्या नियम झाला तरी हेही कागदच बघणार, आणि कागदावर आमच्या गावात एकही तक्रार नाही, कारण गावाने घरोघरी त्या दुरुस्तीवाल्याला जेवू घालून आकडे दिलेत. मला कंपनीचा संताप येतो, या पुढाऱ्यांचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो. पोरीचं वर्ष माझ्या भिडेपायी गेलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा लाईन गेली. तोच माणूस आला. या वेळी ताट मुलीने वाढलं. हात धुऊन त्याने आकडा मागितला. मी सवयीने फोन शोधायला लागलो, तर तो तिच्या मुठीत होता.

"नाना, आखो भाकर ल्या," ती शांतपणे म्हणाली. "आकडा लाईन चालू व्हयनी म्हणजे भेटी."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान वर केली नाही. तो शिडी घेऊन घाटाकडे गेला आणि दोन तासांत लाईन चालू झाली.

म्हणजे तेव्हाही दोन तासांचंच काम होतं.