खालच्या डिव्हिजनचे बुधवार

जिंकणाऱ्या टीमकडे फोटो साठतात, हरणाऱ्या टीमकडे किस्से. आमच्या मुलींच्या युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम गेली काही वर्षं नेमाने हरते आहे, त्यामुळे आमच्याकडे किश्श्यांना तोटा नाही.

इथे इंग्लंडमध्ये युनिव्हर्सिटीत बुधवारी दुपारी लेक्चर्स नसतात, मॅचेस असतात. माझी सई गोलकीपर, माझा मित्र शिरीष, त्याची मुक्ता फॉरवर्ड. मी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, शिरीष भूल देणारा डॉक्टर, दोघंही लंडनजवळच्या वॉटफर्डचे. बुधवारची दुपार मोकळी ठेवायची, एका गाडीतून जायचं आणि थंडीत कुडकुडत हरणं बघायचं. ऐकणाऱ्याला हसू येतं. आम्हाला आता फारसं येत नाही.

*

टीम पहिल्या डिव्हिजनमधून दुसरीत घसरली, तेव्हा शिरीषने ठाण्याला आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी तिकडून फोटो आला. पेढ्यांचा बॉक्स, अख्ख्या बिल्डिंगला वाटलेला.

"नात पहिलीतून दुसरीत गेली ना? मग!"

शिरीषने खुलासा केला नाही. "या टीमचं एवढं कौतुक परत कोण करणार आहे?" म्हणाला. पुढे आम्ही तिसरीत गेलो, तेव्हा मात्र त्याने घरी काही कळवलं नाही.

*

दुसऱ्या डिव्हिजनमध्ये मोठी बस गेली आणि मिनीबस आली. तिसरीत ड्रायव्हरही गेला. तेव्हापासून मिनीबस कोचच चालवतो.

कोच म्हणजे गॅरेथ. वेल्सचा, साठीला टेकलेला, एकटा. या नोकरीसाठी गाव सोडून भाड्याच्या खोलीत राहतो. मी एकदा विचारलं, गाडी चालवायची तर टॅक्टिक्स कधी सांगतोस?

"ट्रॅफिक जॅममध्ये. लंडनजवळच्या मॅचेस आम्ही बऱ्या खेळतो."

*

मराठीत ओरडलं की समोरच्या टीमला कळत नाही, अशी शिरीषची समजूत होती.

"मुक्ता, डावीकडून जा! ती पाच नंबरवाली दमलीय!"

पाच नंबरवाली वळली. "काका, मी नाही दमला," म्हणाली आणि मुक्ताच्या पायातून बॉल काढून घेऊन गेली.

मॅचनंतर कळलं, स्टॅनमोरच्या कुलकर्ण्यांची नात. त्या दिवसापासून शिरीष तोंड मिटून मॅच बघतो.

*

या सीझनला स्पोर्ट्स ऑफिसच्या मॅनेजरबाईंनी मुलींना बोलावलं. टीम चौथ्या डिव्हिजनमध्ये गेली, तर पुढच्या वर्षीपासून नुसतं हौसेचं फुटबॉल. कोच नाही. बाई "नोकरी जाणार" असं म्हणाल्या नाहीत, "रीअलाइनमेंट" म्हणाल्या.

गॅरेथ मागे बॉलमध्ये हवा भरत उभा होता. बाईंचं बोलून झालं तरी तो भरतच होता, असं सईने सांगितलं.

पुढच्या बुधवारी मी त्याला म्हटलं, दुसरीकडे बघून ठेव ना.

"या वयात? आणि तळाच्या टीमच्या कोचला?"

मला फार वाईट वाटलं. घरी जाऊन मी उगाचच सईवर चिडले.

*

शेवटची मॅच आमच्याच ग्राउंडवर होती. जिंकलो तर तिसरीत राहणार, बरोबरी झाली तरी खाली.

इतक्या खालच्या डिव्हिजनला रेफरी एकटाच येतो. लाइनवर झेंडा घेऊन प्रत्येक टीमचं कोणीतरी उभं राहतं; कोणी डिफेंडर्सच्या पुढे, म्हणजे ऑफसाइड, उभं राहून पास घेतला की झेंडा वर करायचा. आपल्या माणसाचा झेंडा आपल्या मुलींविरुद्ध वर जात नाही, हा अलिखित नियम सगळ्यांना ठाऊक असतो. गॅरेथने त्या दिवशी झेंडा शिरीषच्या हातात दिला. शिरीष ऑपरेशन थिएटरमध्ये मॉनिटरकडे बघतो तसा लाइनकडे बघत राहिला.

मॅच संपत आली, तरी बरोबरीच होती. तेवढ्यात शिरीषच्या बाजूला मुक्ताला पास मिळाला, ती एकटी सुटली आणि गोल! मी शेजारी कुत्रा घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी बाईंना मिठी मारली. मग बघते तर शिरीषचा झेंडा वर. ऑफसाइड.

रेफरी धावत त्याच्याकडे आला. "ती तुमचीच मुलगी ना? आर यू शुअर?"

"शुअर," शिरीष म्हणाला.

गोल रद्द झाला. मॅच बरोबरीत संपली आणि आम्ही चौथ्या डिव्हिजनमध्ये गेलो.

शिरीष गॅरेथला सॉरी म्हणायला गेला. "तुम्ही पाहिलंत ते दाखवलंत, डॉक्टर," गॅरेथ म्हणाला. पण त्याच्याकडे न बघताच त्याने झेंडा घेतला आणि मिनीबसची किल्ली जमा करायला ऑफिसकडे गेला.

ईस्टरची सुट्टी लागली होती, म्हणून मुली आमच्याच गाडीतून घरी निघाल्या. मोटरवे लागला. शेवटी शिरीषलाच राहवेना.

"मुक्ता, तू खरंच ऑफसाइड होतीस गं."

"आय नो, बाबा," मागच्या सीटवरून मुक्ता म्हणाली. "गॅरेथनेच सांगितलं होतं. लाइनवर तुझे डॅड आहेत, थोडी पुढेच उभी राहा."