आईने नाव घेतलं तेव्हा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. एन्क्रिप्शनचा, म्हणजे माहितीला कुलूप घालणारा कोड लिहिणाऱ्या बाईला ते परवडतही नाही. आमच्याकडे पासवर्ड बरोबर असतो, नाहीतर चूक... मधलं काही नसतं.

बालाघाटला माहेरी राहून मी एका ओपन-सोर्स लायब्ररीसाठी, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या कोडच्या संग्रहासाठी काम करते. भरवेलीच्या खाणीतून रिटायर झालेले माझे बाबा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मोबाइलमध्ये एक कुलूपबंद रेकॉर्डिंग सापडलं. घरात त्यांचा आवाज दुसरा कुठेच नाही, आणि आईला तो एकदा ऐकायचा होता. पण ते ज्या अ‍ॅपने केलेलं ते केव्हाच बंद पडलेलं, त्याचा कुलूप घालण्याचा जुनाट अल्गोरिदम आमच्या लायब्ररीत नव्हता. मग मीच तो लिहून त्यात घातला. चाचण्यांची उत्तरं जुळली, लायब्ररीतल्या बाकीच्या सोबत्यांनी तपासून मंजूरही केला. पासवर्ड मात्र बाबा सोबत घेऊन गेलेले — जन्मतारीख, गाव, आम्हा भावंडांची नावं, बाबांचं स्वतःचं 'दयाराम', सगळं घालून पाहिलं. छे.

त्या दुपारी आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. मी वैतागून लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "आता तूच टाक काहीतरी."

तिने हात पुसले. "त्यायचं नाव टाकू का?"

"मी टाकून पाह्यलं ना, आई."

"तू टाकलं. मी कुठी घेतलं अजून?"

खरंच होतं. आईने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात कुणी विचारलं तर मला कोपर मारायची. आज ती ते पुटपुटत, एका बोटाने टाइप करत होती. स्क्रीनवर मला दिसत होतं — मी घातलं होतं अगदी तेच, तसंच.

फाइल उघडली.

नंतर तेच नाव मी टाकलं, आईनेही टाकलं. ती फाइल पुन्हा उघडली नाही. कोड ओळ न ओळ तपासला, लायब्ररीतल्या सोबत्यांना दाखवला. "असं होऊच शकत नाही," सगळे म्हणाले. मीही तेच म्हणते. आणि तरी उघडलेला आवाज माझ्याकडे सेव्ह आहे...

आधी नुसती खरखर. मग जन्मभर आईला "अवो" एवढीच हाक मारणारे बाबा म्हणतात, "शेवंता... ऐकून राह्यली का?"

त्या दुपारी ते ऐकून आईने डोक्यावर पदर घेतला आणि लॅपटॉपकडे बघत ती हळूच म्हणाली, "हौ. बोला जी."