ओळंब्याचे गुडघे
आमच्या बांधकामाच्या टोळीत फरशी बसवायचं काम ओळंब्याकडे असे. कामात केसभर तिरकेपणा खपवत नसे, म्हणून भिंत सरळ आहे का ते पाहायच्या वजनाच्या दोरीचं हे नाव त्याला पडलं. फरशी बसवणारा गुडघ्यांवर मागे मागे सरकत दाराकडे येतो. गुडघ्याखाली गोणपाट घेणाऱ्याला आम्ही ‘नवरदेव’ म्हणून चिडवायचो. ओळंब्याने जन्मात गोणपाट घेतलं नाही.

काम सुटलं आणि गुडघे धरले. उजवा तर सकाळी लाकूडच. त्यावर त्याने स्वतःच उपाय काढला. ताज्या फरशीवर पाय पडला की ती हलते. खालचा सिमेंटचा माल धरेपर्यंत तिला शिवायचं नसतं. गुडघ्याचंही तसंच, असं त्याने ठरवलं. पाय स्टुलावर टाकून तो खुर्चीत बसला तो बसलाच. चहा तिथे, जेवण तिथे. पोट सुटलं, मांडीची काटकी झाली.

“अहो, निदान दारापर्यंत तरी चला,” बायको म्हणे.

“धरू दे गं. घाई केली की काम बिघडतं.”

खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एक दिवस मुलगा म्हणाला, “बाबा, ही खोली सोडू. माझं घर तळमजल्यावर आहे.”

बायकोचं शिवणकाम या जिन्यावरच्या बायकांवर चालायचं. तिने हातातलं कापड नुसतं घडी करून ठेवलं. ओळंब्याने ते पाहिलं.

“जिना उतरून चढून दाखवला तर?”

“तर राहा. पण चौघांनी उचलून न्यायची वेळ आणू नका.”

“चौघांची घाई तुलाच दिसतेय!”

मी आणि मुलाने त्याला खुर्चीसकट खाली उतरवलं आणि दवाखान्यात नेलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याची मांडी दाबून पाहिली.

“काका, असे किती दिवस बसून आहात?”

“अजून धरत नाहीये.”

मी फरशीचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. “काका, सांधा हलला तरच त्याला वंगण मिळतं. गुडघ्याचा भार मांडीने पेलायचा असतो. तुम्ही मांडीच वाळवलीत. झिजलं ते परत येणार नाही, पण उरलेलं सांभाळता येईल.”

खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि तसाच धरायचा. हात न टेकता उठायचं. खुब्यासाठी भिंत धरून पाय बाजूला उचलायचा. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिलं तर कमी करायचं. वजन उतरवायचं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

तो करू लागला, पण रडतखडत.

“काम केलं की मागे फरशी दिसायची,” तो मला म्हणाला. “इथे दिवसभर घाम गाळून काय दिसतं? तोच पाय.”

खरंच काही दिसत नव्हतं. किती तरी आठवड्यांनी एकदा तो हात न टेकता उठला आणि पुन्हा धपकन बसला. तेवढंच.

मुलगा आला त्या दिवशी ओळंबा कठडा धरून खाली गेला. तळाशी दम खाल्ला. चढताना मधल्या वळणावर पायरीवरच बसला. तोंड पांढरं पडलं होतं. मुलगा हात द्यायला वाकला.

“हात लावू नकोस,” वरून बायको म्हणाली. “उठतील ते.”

बराच वेळ गेला. तो उठला. चांगला पाय, मग दुखरा. दारात येऊन तो खुर्चीत कोसळला.

“राहा इथेच,” मुलगा म्हणाला. “पण रोज उतरायचं. नाहीतर पुन्हा तेच होईल.”

“रोज?”

“रोज, बाबा.”

मुलगा गेल्यावरही त्याच्या मांड्या थरथरत होत्या. बायकोने पाणी दिलं.

“उद्या ऊन उतरल्यावर जाऊ,” तो म्हणाला.

“सकाळीच जाऊ,” ती म्हणाली.