मुसाजी हवालदाराचा शेरा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवालासुद्धा तोंडानं नाही — त्याला सगळं ठाऊक असतं म्हणतात, तेव्हा त्याच्यापुढे नुसता उभा राहत आलो. मग तुम्हालाच का सांगतो? तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही म्हणूनही असेल. समोर बसलेल्या माणसाशी मला खोटंच नीट बोलता येतं, असा अनुभव आहे.

पण आधी मी कोण ते ऐका. ते सांगायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू? मी पेन्शनर सुभेदार. ठाण्यात तलावाजवळ माझं स्वतःचं घर आहे. कचेरीत गेलो की कारकून उठून खुर्ची देतो. नौपाड्याच्या वाटेवर गाडीवान बैल बाजूला घेतात, आणि कोपरीच्या मिठागरातले आगरी लांबूनच हाक घालतात. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत आले. म्हणोत बापडे. आजोबांनी घाण्याचा बैल हाकला, मी पलटणीतली कंपनी हाकली. छातीवर दोन पदकं आहेत. परेडीवर मी हुकूम सोडला की झाडावरचे कावळे उडत, हे माझं बोलणं नाही, माझ्या कर्नलसाहेबांचं आहे.

आणि एका गोष्टीसाठी तर ठाण्यापासून कल्याणपर्यंत आमच्या लोकांत माझं नाव घेतलं जातं. साहेबाला स्वतःचा शेरा गिळायला लावणारा सुभेदार — तो मी.

झालं असं. माझ्या कंपनीत मुसाजी नावाचा हवालदार होता. कल्याणचा, आमच्यातलाच. त्याला पलटणीत भरती केला तोही मीच. अबोल, कामाला वाघ. जमादाराची, म्हणजे हवालदाराच्या वरची, जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. ती दुसऱ्यालाच मिळाली. मुसाजीनं धीर करून कप्तानसाहेबांना कारण विचारलं. त्यांनी वार्षिक तपासणीत त्याच्या नावापुढे लिहिलेला शेरा त्याला वाचून दाखवला. माणूस चांगला, पण प्रसंगी गळाठतो. बढतीस योग्य नाही.

शिपायाला आळशी म्हणा, दारुडा म्हणा, तो रागावेल आणि विसरेल. पण गळाठतो? मुसाजी दोन दिवस जेवला नाही. मग माझ्या खोलीशी आला, आत यायलाही तयार होईना. दारातूनच म्हणाला, "सुभेदारसाहेब, तुम्ही खरं सांगा. मी कधी गळाठलो हो?"

मी ताडकन उठलो. हा अन्याय आहे म्हणालो. कर्नलसाहेबांकडे दाद मागू म्हणालो. तो नको नको म्हणत होता — कप्तानाविरुद्ध त्याच्या वरच्याकडे जायचं म्हणजे काय, हे त्यालाही कळत होतं. हरला असता तर पेन्शनीपर्यंत हवालदारच राहिला असता आणि गळाठणारा हा डाग मुलांच्या लग्नापर्यंत पुरला असता. मी ऐकलं नाही. अर्ज मी लिहिला, माझं अक्षर मोत्यासारखं आहे. आणि दरबारात बोललोही मीच.

दरबार म्हणजे काय ते सांगतो. आठवड्यातून एकदा कर्नलसाहेब खुर्ची टाकून बसत, आम्ही देशी अंमलदार बाजूला उभे, आणि कोणीही शिपाई पुढे येऊन आपलं गाऱ्हाणं मांडू शके. त्या दिवशी मी असा बोललो, असा बोललो की काय सांगू! सरहद्दीवरच्या मोहिमेत एका कोरड्या ओढ्यात आमच्या तुकडीवर वरून गोळ्या सुरू झाल्या होत्या. मी डावीकडे वळायचा हुकूम दिला आणि मुसाजीनं छाती पुढे करून माणसं वळवली, एकही माणूस गमावला नाही. अशा माणसाला गळाठणारा म्हणायचं, तर मग शूर कोणाला म्हणायचं, हुजूर? जुन्या सुभेदारांचे डोळे भरून आले. माझेही आले.

कर्नलसाहेबांनी कप्तानसाहेबांकडे वळून विचारलं, हा शेरा तुम्ही कशावरून लिहिलात?

कप्तानसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

एकदाच पाहिलं. मग सरळ समोर बघून म्हणाले, "शेरा माझा आहे, सही माझी आहे. मी चुकलो."

कर्नलसाहेब त्यांना सगळ्यांदेखत जे बोलले ते इंग्रजीत बोलले. बाकीच्यांना नुसता आवाज कळला, मला प्रत्येक शब्द कळला. शेरा खोडला गेला. पुढच्या रिकाम्या जागेवर मुसाजी जमादार झाला, माझ्यामागून सुभेदारही झाला. कप्तानसाहेब लवकरच दुसऱ्या पलटणीत गेले. जाताना त्यांनी सगळ्या देशी अंमलदारांशी हात मिळवला. माझा सलाम घेतला, हात पुढे केला नाही.

त्यांनी माझ्याकडे का पाहिलं? — इथे आलो की माझी गाडी अडते. पण आता सुरुवात केलीच आहे.

साहेब लोक येत आणि जात. हे कप्तानसाहेब आमच्या कंपनीत नवेच होते, माणसांची नावंही त्यांना धड येत नव्हती. म्हणून शेरे लिहायच्या आधी साहेबानं सुभेदाराला बंगल्याच्या व्हरांड्यात बोलवायचं आणि एकेका हवालदाराबद्दल विचारायचं, अशी रीत होती. ही रीत कुठल्या नियमात नव्हती. सुभेदारानं सांगायचं, साहेबानं लिहायचं, आणि व्हरांड्यात कोण काय बोललं ते दोघांनीही बाहेर काढायचं नाही. मला त्या रीतीचा मोठा अभिमान होता. लेखणी साहेबाची असे, पण जीभ माझी.

प्रसंगी गळाठतो, हे मी म्हणालो होतो. माझे शब्द होते ते. साहेबांनी फक्त इंग्रजीत उतरवले.

आणि तुम्ही विचाराल, मुसाजीनं माझं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. वाकडं नाही, सरळच केलं होतं, तेच मला सोसवलं नाही. तो ओढा — दरबारात मी त्याची गोष्ट सांगितली ती तशी घडलेली नाही. गोळ्या सुरू झाल्या. तेव्हाचे जुने कप्तानसाहेब मागच्या तुकडीबरोबर होते, हुकूम मला द्यायचा होता. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! एका दगडाला पाठ लावून मी उभा होतो, जीभ टाळूला चिकटलेली. माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात माझ्याजवळून मुसाजी ओरडला, "डावीकडं वळा! सुभेदारसाहेबांचा हुकूम आहे!"

माझा हुकूम म्हणून ओरडला तो. माणसांनी तो माझाच मानला. दोन पदकांतलं एक त्या ओढ्याचं आहे.

मुसाजीनं ती गोष्ट कधी काढली नाही, माझ्याजवळसुद्धा नाही. कशानं तरी चिडून एकदा बोलला असता तर बरं झालं असतं. तो पूर्वीसारखाच ताठ सलाम करी, आणि त्याच्या डोळ्यांत मला काही तरी दिसतंय असं वाटून माझं डोकं फिरे. काही नव्हतं त्या डोळ्यांत. पण तो जमादार झाला की रोज माझ्या बरोबरीनं बसणार, या विचारानं माझी झोप उडाली होती. मग व्हरांड्यात साहेबांनी त्याचं नाव घेतलं, आणि माझ्यातलं होतं तेच मी उचलून त्याच्या पदरात घातलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. शपथेवर सांगतो, बोलताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

मग दरबारात का लढलो? पश्चात्ताप झाला म्हणून? तसं म्हणायला फार आवडलं असतं. तो दारात उभा राहिला तेव्हा मला भीती वाटली की हा साहेबांकडे खोदून विचारेल. आणि दुसरंही एक होतं — साहेबाशी भांडायला मिळतंय, चार लोकांदेखत बोलायला मिळतंय, हे पाहून मला चेव आला. ते भाषण आठवलं की अजूनही अंगावर मूठभर मांस चढतं. काय करू? चांगलंच झालं होतं भाषण.

आमच्यात दरफाळणीचा सण असतो. दारं लावून, अन्नपाणी सोडून देवापुढे बसायचा दिवस. त्याच्या आधी एकमेकांकडे जाऊन चुकांची माफी मागायची. दोघंही पेन्शनीवर आलो तरी मुसाजी दर वर्षी त्यासाठी कल्याणहून ठाण्याला येई. आमच्या रीतीनं माझा हात दोन्ही हातांत घेई, मग आपली बोटं ओठांना लावी. काही चुकलं असेल तर माफ करा म्हणे. मीही तेच म्हणे, आणि तो हसून म्हणे, तुमच्याकडून कसली चूक व्हायची. आणि दर वर्षी निघताना सांगे की जगात सगळ्यांना माफ केलं, एक तो कप्तान सोडून. एवढ्यासाठी आपला उपास देवाकडे पोचत नसेल, असं त्याला वाटे. मला म्हणे, सुभेदारसाहेब, तेवढं एक मनातून जात नाही. मी मान हलवून म्हणे, साहजिक आहे.

गेल्या थंडीत त्याचं दुखणं फार वाढलं असा निरोप आला म्हणून कल्याणला गेलो. मुलांनी त्याला तक्क्याला टेकवून बसवलं होतं. बायको पायाशी, आणि घर माणसांनी भरलेलं. मला बघून त्यानं सलामाला हात उचलायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "एक माणूस राहिलाय. त्या कप्तानाला माफ करून जावं म्हणतो. पण लढाई तुम्ही लढलात माझ्यासाठी. तुम्ही म्हणाल तसं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मुसाजीही बघत होता. तो अगदी शुद्धीवर होता, त्याला सगळं समजलं असतं. मला वाटतं, त्यानं मलाही माफ केलं असतं. त्यात माझं काय गेलं असतं? घरभर माणसं होती, एवढंच.

मी म्हणालो, "कर माफ, मुसाजी. तुझं मन मोठं आहे."

त्यानं माफ केलं. ज्यानं त्याचं काहीच बिघडवलं नव्हतं त्या माणसाला त्यानं नाव घेऊन माफ केलं, आणि त्याचा चेहरा निवळला. मग मुलांना जवळ बोलावून म्हणाला, माणूस असावा तर असा. मुलांनी एकेकानं पुढे येऊन माझा हात हातात घेतला, बोटं ओठांना लावली. मी प्रत्येकाला आशीर्वाद दिला, परेडीवरच्या आवाजात, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा.