वाढलेले मणी

मी पाटबंधारे खात्यात मोजणीदार होतो. सिद्धेश्वरच्या धरणातून सुटलेलं पाणी शेतापर्यंत पोचेस्तोवर वाटेत मुरतं, उन्हाने उडतं, कुणाच्या तरी वावरात गुपचूप वळतं. ही घट आधीच धरून थोडं जास्तीचं पाणी सोडावं लागतं. नोकरीत ही सवय चांगली. घरात तिने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं.

नव्वदच्या दशकात आम्ही डोंगरकड्याला राहत होतो. शेजारी बांगड्यांचा धंदा करणारं मुसलमान कुटुंब होतं. त्या घरच्या भाभींच्या माहेरी दिव्यावर काचेचे मणी करायचे. सासरी आल्यावर त्यांचं ते मागे पडलं, पण माहेरून आणलेला पायाने मारायचा भाता माळ्यावर पडून होता. एका उन्हाळ्यात माझ्या बायकोने तो खाली उतरवायला लावला आणि भाभींसमोर शिकायला बसली.

रॉकेलच्या दिव्याची ज्योत भात्याच्या वाऱ्याने आडवी करायची. एका हातातली काचेची कांडी त्या ज्योतीत मऊ करायची आणि दुसऱ्या हातातल्या तारेवर ती काच फिरवत गुंडाळायची. तारेला आधी मातीचा लेप द्यायचा, म्हणजे निवल्यावर मणी सुटून येतो. झालेला मणी लगेच गरम राखेत खुपसायचा. उघड्यावर झटक्याने निवला तर वरून साजरा दिसतो, पण आतून तडकलेला असतो.

बायकोचे पहिले मणी भरडलेल्या हरभऱ्यासारखे झाले. पावसाळा संपेपर्यंत मात्र गोल, गुळगुळीत, पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचे मणी निघू लागले. मी एका फळीला भोकं पाडून माप तयार केलं. भोकातून जाईल तो मणी एका डब्यात, अडेल तो दुसऱ्या. भाभींनी ते पाहिलं.

"भाईसाब, मनके हैं, हल्दी की गाठां नहीं."

पण आठवडी बाजारात विकायला मीच बसावं असं ठरलं. मी खरं बोलतो, म्हणून गिऱ्हाईक विश्वास ठेवील, असा बायकोचा अंदाज. मी खरंच बोललो. एका बाईने मूठभर मणी उचलून उन्हात धरले.

"पक्के हैत का?"

"काच आहे, बाई. दगडावर पडला तर फुटणार."

तिने निखारा टाकावा तसे ते मणी ताटात टाकले. तिच्या मागे उभ्या असलेल्या दोघीही निघून गेल्या. भाकरी घेऊन आलेल्या बायकोने हे सगळं लांबून पाहिलं होतं.

"अवं, गळ्यातल्या मण्याला फुटतो म्हणतेत का कुणी? वाढतो म्हणावं."

बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या आईच्या तोंडून दुसरा शब्द कधी आला नाही. पण घरात बोलणं वेगळं आणि माल विकताना बोलणं वेगळं. हा मणी वाढतो असं सांगितलं, तर वर्षभरात त्याचं लिंबू होईल असं कुणाला वाटलं म्हणजे? ही फसवणूक झाली. मी तसं म्हणालोही.

शेजारी बांगड्यांची टोपली मांडून बसलेल्या भाभी मध्ये पडल्या.

"एक मनका गिरा. टुकडे कित्ते हुए?"

"चार-पाच."

"पैले कित्ते थे?"

"एक."

"तो बढ़ा के नहीं?"

हिशेब बराबर होता. त्या दिवसापासून मी वाढतो म्हणायला लागलो आणि गिऱ्हाइकं ताटाशी टेकू लागली.

बायकोच्या मनात मात्र एक खडा होता. बाजारात पलीकडच्या ओळीला तयार मणी विकणारा एक जण बसायचा. तो येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "घरच्या चुलीवरचा माल हाय तो. गळ्यात घातला की दोन दिसांत रामराम." तेवढ्यात एका लमाण तांड्यावरची म्हातारी नातीच्या लग्नाच्या माळेसाठी मणी सांगून गेली. बायकोने त्या दिवशी भात्यावर हात ठेवून मला सांगितलं, "लग्नाची माळ हाय. यातले मणी वाढले तर तो माणूस खरा. मंग हा भाता मी भाभींना वापस देऊन टाकते. पुन्यांदा नाव घेणार न्हाई."

ती हे बोलली तेव्हा हसत नव्हती.

मणी तयार झाले. पुडी बांधायचं काम माझं. मागितले तेवढे मोजले आणि सवयीप्रमाणे दहाला एक या दराने जास्तीचे घातले. वाटेत धक्का लागेल, ओवताना हातातून सुटेल. घट धरलीच पाहिजे. हे बायकोला सांगावं असं मला वाटलं नाही. पुडी तांड्यावर गेली.

लग्नाच्या चार दिवस आधी त्या बाजूचा दूधवाला दारात आला. सायकलवर बसूनच म्हणाला, "तांड्यावरच्या म्हातारीनं निरोप देल्ला. मणी वाढले म्हणली. लगीन लागायच्या आत येऊन जा."

बायकोच्या हातातलं सूप खाली आलं.

"किती वाढले?"

"मूठभर आसतील."

"लई रागात व्हती का?"

"न्हाई बा. हसत व्हती."

"हसत व्हती!" बायको उंबऱ्यावर बसली. "रागावली आसती तर समजावता आलं आसतं."

मी रजा टाकली. तिने दिवा लावला, मी भाता मारला. सगळी माळ नव्याने केली, कारण मूठभर वाढले त्याअर्थी बाकीचेही तडकलेले असणार. मी राख गरम आहे का हे इतक्यांदा पाहिलं, की शेवटी तिने चिमटा माझ्याकडे रोखला. भाभी येऊन बघून गेल्या आणि एकही विनोद न करता गेल्या, यावरून प्रसंग ओळखावा.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवी पुडी घेऊन आम्ही एसटीने निघालो. फाट्यावर उतरून तांड्यापर्यंत चालत गेलो. म्हातारी मांडवात बसली होती. तिने आम्हाला पाहिलं आणि पदराची गाठ सोडून मूठभर मणी बायकोच्या ओंजळीत ओतले. अख्खे. चकचकीत.

"घे माय, तुमचे हैत. माळ झाली, हे वाढले."

"वाढले म्हंजे... उरले?"

"मंग? तुमच्यात वाढले म्हंजे काय व्हतंय?"

लग्नघरात सांगणार काय? त्या म्हातारीची घरची बोली वेगळी. आमच्या बायांचे आडपडदे तिच्या मराठीत आलेच नव्हते. तिने साधा शब्द साध्या अर्थाने वापरला होता, आणि तो नेमका माझ्यासारख्याने उलटा घेतला होता.

"एकबी फुटला न्हाई?" बायकोने मांडवाखाली उभं राहून, चारचौघींत, मोठ्याने विचारलं. मी आजूबाजूला पाहिलं. कुणाला काही वाटलं नाही.

"फुटंल कशाला? पोरींनी माळ घालून पाह्यली, वढावढ केली, एकदा खाली बी पडली. काय झालं न्हाई." मग म्हातारीने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "पर जास्तीचे काहून देल्ले? मोजता येत न्हाई का तुमाला?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"मोडतोडीचे धरून दिले होते," मी म्हणालो.

बायकोने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग नवी पुडी सोडून म्हातारीजवळ बसली. दोन-तीन बाया सरकून आल्या आणि मणी तळहातावर घेऊन आपसात बोलू लागल्या. परत निघताना पुडी तिथेच राहिली, आणि आणखी दोन माळांचं सांगणं आमच्या पदरात होतं.

फाट्यावर एसटीची वाट पाहताना ती बोलली.

"म्हंजे माझे मणी फुटणार, हे तुमी आदीच धरलं व्हतं."

"मी वाटेतली घट धरली. कालव्यालासुद्धा..."

"बाजारातला तो माणूस तोंडावर म्हणतो. तुमी पुडीत घालून म्हणलात."

एसटी येईपर्यंत मी याचं उत्तर शोधत होतो.

त्या दोन माळांचे मणी झाले तेव्हा तिने ते स्वतः मोजले आणि पुडी स्वतः बांधली. मी भात्याशी बसून पाहत होतो.

"बराबर मोजले ना?"

"मोजले."

"एखादा तरी वर..."

"तितकेच हैत. तुमी भाता मारा."

मी भाता मारला.